उसन्या जागेचा खेळ : पिकलबॉलच्या अभ्यासाला प्रस्तावना

क्रिकेट कसे खेळायचे हे आपल्याकडे कोणी पुस्तक वाचून शिकत नाही, आणि मैदान शोधायलाही कोणाला मार्गदर्शन लागत नाही. पिकलबॉलचे तसे नाही. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यापासून अनेक शहरांत या खेळाची कोर्टे झपाट्याने उभी राहिली, पण बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कशाच्या तरी जागी: कुठे टेनिस कोर्टावर, कुठे बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, कुठे बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर, कुठे सोसायटीच्या पोडियमवर. नवखा माणूस दोन प्रश्न घेऊन येतो. कोर्ट कुठे मिळेल, आणि खेळायचे कसे? पहिला प्रश्न मोबाइलवर सोडवायचा आणि दुसरा कोचवर सोपवायचा, अशी वाटणी बहुतेक जण करतात. मला ही वाटणी पटत नाही. या खेळाचे जवळजवळ सगळे नियम जागेच्या मापातून निघालेले आहेत. त्यामुळे समोरचे कोर्ट चांगले की वाईट हे ज्याला ओळखता येते, त्याला खेळाचा बराचसा भाग आधीच कळलेला असतो.

जागेतून नियम निघणे आपल्याला नवे नाही. वाडीत किंवा चाळीच्या चौकात क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला ‘एक टप्पा आऊट’ ठाऊक आहे, आणि चेंडू थेट कोणाच्या गॅलरीत गेला तर फलंदाज बाद, हेही. ते नियम कोणी समिती नेमून केले नव्हते. भिंती, खिडक्या आणि काकूंचा आवाज यांनी केले होते. पिकलबॉलचा जन्म असाच झाला, फक्त चौक जरा प्रशस्त होता.

१९६५ सालचा उन्हाळा. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटलसमोरच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांचे घर होते. प्रिचर्ड तेव्हा वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळात होते. पुढे ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य आणि नंतर राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. सुट्टीत कंटाळलेल्या मुलांना काहीतरी खेळ हवा होता. आवारात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, पण रॅकेट आणि फुलांचा पत्ता नव्हता. प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांनी टेबल टेनिसच्या बॅट आणि छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन सुरुवात केली. नेट बॅडमिंटनच्याच उंचीवर होते. चेंडू डांबरी जमिनीवर चांगला टप्पा घेतो हे लक्षात आल्यावर ते खाली आणत आणत ३६ इंचांवर आणले. तिसरे मित्र बार्नी मॅक्कॅलम यांनी तळघरातल्या करवतीवर प्लायवूडची पॅडल कापली. दोन वर्षांनी एका शेजाऱ्याच्या परसात खास या खेळासाठी पहिले कायमचे कोर्ट बांधले गेले. २०२२ मध्ये वॉशिंग्टनने पिकलबॉलला राज्याचा अधिकृत खेळ ठरवले. नावामागची कथा दोन तऱ्हांनी सांगितली जाते आणि दोन्ही बाजू हट्टाला पेटलेल्या आहेत. त्या भांडणात या प्रस्तावनेला रस नाही.

रस आहे तो त्या जुन्या कोर्टात. पिकलबॉलचे कोर्ट आजही ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. हे माप कोणी विचार करून ठरवलेले नाही. ते बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाचे माप आहे, जसेच्या तसे उचललेले. आणि बॅडमिंटनच्या नियमांचा माग काढत गेलो की वाट इंग्लंडला जाण्याआधी आपल्याकडे वळते. १८७०च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत होते, त्याला ‘पूना’ याच नावाने ओळखत होते, आणि सुरुवातीचे नियम तिथे लिहिले गेले. तेव्हाचे कोर्ट नेटपाशी अरुंद, डमरूसारखे होते. ते सरळ आयताकृती व्हायला १९०१ साल उजाडले. म्हणजे आज बाणेर किंवा कोथरूडमध्ये कोणी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पिकलबॉलच्या पट्ट्या चिकटवतो तेव्हा एक खेळ अर्ध्या जगाला वळसा घालून घरी आलेला असतो. याला पुण्याचा अभिमान वगैरे म्हणायची गरज नाही. एका खेळाची जागा दुसऱ्याने कशी वापरली, याचा हा सरळ पुरावा आहे.

म्हणून पहिला धडा जवळच्या बॅडमिंटन कोर्टावरच घ्यावा, असे मी सुचवतो. पिकलबॉलचे कोर्ट सापडेपर्यंत थांबायचे कारण नाही. बाहेरची चौकट तीच. सिंगल्सच्या आतल्या उभ्या रेषा आणि मागची लांब सर्व्हिसची रेषा विसरून जायची. मधली उभी रेषा ठेवायची. फरक पडतो तो नेटसमोरच्या आडव्या रेषेत. बॅडमिंटनमध्ये ती नेटपासून साडेसहा फुटांवर असते, पिकलबॉलमध्ये सात फुटांवर. सहा इंच पुढे-मागे, एवढेच, पण तिथे नवी पट्टी लावल्याशिवाय खेळ खरा होत नाही. मोजायला टेप नसेल तर पॅडल वापरावे. साधारण पॅडल १६ इंच लांब असते. सव्वापाच पॅडल म्हणजे बरोबर सात फूट. नेट मध्यभागी ३४ इंच आणि कडेला ३६ इंच हवे. म्हणजे मध्यावर दोन पॅडल उभी ठेवून वर दोन बोटे जागा उरली पाहिजे. बॅडमिंटनचे नेट ३० इंच रुंदीचे असते, त्यामुळे ते खाली ओढले की जमिनीपासून वीतभरसुद्धा अंतर उरत नाही, आणि काम भागते.

आता ती सात फुटांची पट्टी. नियमपुस्तकात तिला नॉन-व्हॉली झोन म्हणतात, कोर्टावर सगळे ‘किचन’ म्हणतात. नियम ऐकायला साधा आहे: किचनमध्ये किंवा त्याच्या रेषेवर पाय असताना चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. टप्पा पडलेला चेंडू मारायला आत जाता येते, आत उभेही राहता येते. पण व्हॉली मारून झाल्यावर तोल जाऊन आत पाऊल पडले तरी फॉल्ट. चेंडू एव्हाना समोरच्या कोर्टात दोनदा टप्पे घेऊन मेला असला तरी फॉल्ट. व्हॉली मारताना डोक्यावरची टोपी किचनमध्ये पडली तरीही. नवख्यांची सगळ्यात जास्त भांडणे याच नियमावरून होतात. मला तो या खेळातला सगळ्यात बुद्धिमान नियम वाटतो. २० फूट रुंदीच्या कोर्टावर उंच आणि ताकदवान माणूस नेटला चिकटून उभा राहिला तर खेळ तिथेच संपतो; तो प्रत्येक चेंडू वरून खाली ठोकणार. या पट्टीने त्याला सात फूट मागे ढकलले. दोन्ही बाजूंचे खेळाडू किचनच्या रेषेवर आले तरी त्यांच्यात १४ फुटांचे अंतर राहते. त्यामुळे सासू-सून, आजोबा-नातू किंवा कॉलेजमधली पोरे आणि त्यांचे प्राध्यापक एका कोर्टावर खरी लढत देऊ शकतात. दुसऱ्या कोणत्याही रॅकेटच्या खेळात हे इतके सहज जमलेले मी पाहिलेले नाही.

याला जोडून दुसरा नियम येतो, दोन टप्प्यांचा. सर्व्ह आली की घेणाऱ्याने ती टप्पा पडू देऊनच मारायची, आणि तो परतीचा चेंडू सर्व्ह करणाऱ्या जोडीनेही टप्पा पडू देऊनच घ्यायचा. त्यानंतर हवेत मारायला सगळ्यांना मुभा. याचा परिणाम काय होतो ते डबल्समध्ये नीट बघावे, कारण खेळाचे सगळे डावपेच इथून सुरू होतात. सर्व्ह घेणाऱ्याचा पार्टनर आधीच किचनच्या रेषेवर उभा असतो; घेणारा चेंडू खोल परत मारून चालत पुढे येतो. सर्व्ह करणारी जोडी मात्र बेसलाइनवर अडकलेली, कारण तिला टप्प्याची वाट पाहायची आहे. टेनिसमध्ये सर्व्ह हे हत्यार असते. इथे सर्व्ह करणारा मोक्याच्या जागेच्या बाबतीत मागे पडतो. वर गंमत अशी, की पारंपरिक मोजणीत गुण फक्त सर्व्ह करणाऱ्या जोडीलाच मिळतो. ज्याच्या हाती गुण, त्याच्या हाती जागा नाही.

मग ती जोडी पुढे कशी येणार? तिसऱ्या फटक्याने. बेसलाइन नेटपासून २२ फूट लांब आहे. तिथून चेंडू असा हलका उचलायचा की नेट ओलांडून तो समोरच्यांच्या किचनमध्ये, त्यांच्या पायांशी उतरेल. चेंडू नेटच्या वर राहिला तर ते ठोकणार. खाली उतरला तर त्यांना तो खालून वर उचलावाच लागतो, आणि तेवढ्या वेळात आपण पुढे सरकतो. याला थर्ड शॉट ड्रॉप म्हणतात. मग चौघेही रेषेवर आले की सुरू होतात डिंक: मनगट स्थिर ठेवून, खांद्यातून हळुवार, किचनमधून किचनमध्ये टाकलेले चेंडू. बाहेरून पाहणाऱ्याला हे पोरखेळ वाटते. प्रत्यक्षात चौघेही एकच वाट बघत असतात, कोणाचा तरी चेंडू बोटभर वर उठण्याची. जोरात मारता येणारी टेनिसवाली माणसे सुरुवातीला इथे हमखास हरतात, आणि बराच काळ हरल्यावर मग विचार करू लागतात.

सर्व्हचे तांत्रिक नियम थोडक्यात. चेंडू खालून वर येणाऱ्या हाताने, कंबरेच्या खाली, पॅडलचे डोके मनगटाच्या वर न नेता मारायचा. समोरच्या तिरक्या चौकोनात, किचन आणि किचनची रेषा ओलांडून पडला पाहिजे. दुसरी संधी नाही. हे जड जात असेल तर चेंडू हातातून नुसता सोडून टप्प्यानंतर मारण्याची सोय आहे. नवख्यांनी बिनदिक्कत तीच वापरावी. गेम ११ गुणांचा, दोनच्या आघाडीने जिंकायचा. डबल्समध्ये सर्व्ह करण्याआधी तीन आकडे मोठ्याने म्हणायचे: आपले गुण, त्यांचे गुण, आणि आपल्या जोडीत सर्व्ह करणारा पहिला की दुसरा. गेम मात्र ‘शून्य-शून्य-दोन’ने सुरू होतो, म्हणजे आधी सर्व्ह मिळालेल्या जोडीला पहिल्या खेपेला एकच सर्व्हर मिळतो. हे पाठ व्हायला वेळ लागतो, आणि आकडे विसरलेला माणूस कोर्टावर पार्टनरकडे बघतो, पार्टनर छताकडे.

भारतात हा खेळ आणला तो मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी. त्यांनी तो कॅनडात पाहिला होता. २००६ मध्ये पॅडल आणि चेंडू इकडे आणले, आणि २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी केली. पुढची कितीतरी वर्षे तो मूठभर लोकांचा खेळ होता. २०२५च्या जानेवारीअखेरीस मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये वर्ल्ड पिकलबॉल लीगचा पहिला हंगाम झाला. त्यात पुणे युनायटेड आणि मुंबई पिकल पॉवर हे आपले दोन संघ होते. त्याच वर्षी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने राष्ट्रीय संघटना म्हणून मान्यता दिली ती मात्र इंडियन पिकलबॉल असोसिएशनला. नावे सारखी असली तरी संघटना दोन आहेत, हे स्पर्धेत नाव देण्याआधी तपासून घ्यावे.

लीगच्या संस्थापकांपैकी गौरव नाटेकर यांचे नाव अभ्यासकाने लक्षात ठेवावे. ते टेनिसचे माजी राष्ट्रीय विजेते, १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदकविजेते. वडील नंदू नाटेकर सांगलीचे. १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय, आणि १९६१ मध्ये सुरू झालेल्या अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक. पिकलबॉलने ज्या दोन खेळांची जमीन घेतली, ते दोन्ही खेळ आणि हा तिसरा, असे तिन्ही या एका घरात आहेत.

जागेच्या अर्थकारणाकडे वळू या, कारण कोर्ट शोधणाऱ्याला ते रोज भेटणार आहे. टेनिसच्या डबल्स कोर्टाच्या तुलनेत पिकलबॉलचे कोर्ट एक तृतीयांशापेक्षाही कमी जागा घेते. टेनिस कोर्टाभोवतीचे पूर्ण आवार धरले, ६० बाय १२० फुटांचे, तर त्यात ३० बाय ६०ची चार पिकलबॉल कोर्टे बसतात. जिथे चौघे खेळत होते तिथे १६ जण भाडे भरतात. जागेचे मोल सोन्यासारखे असलेल्या शहरात हा हिशेब मालकाला समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेत सार्वजनिक बागांमध्ये फुकटची कोर्टे पुष्कळ, तिथे लोक कुंपणाजवळ पॅडल रांगेत लावून नंबर धरतात. आपल्याकडे महापालिकेच्या बागेत असे कोर्ट विरळाच. इथे वाटा चार: जिमखाना किंवा क्लब, जिथे सदस्याचा हात धरून जावे लागते, तासावर मिळणारी खासगी कोर्टे, जी प्लेओ, हडल, खेलोमोर अशा ॲपवर दिसतात, बॅडमिंटनचे हॉल, जे दुपारी रिकामे असतात, आणि आपल्याच सोसायटीचे क्लबहाऊस. संध्याकाळचे स्लॉट महाग आणि आधीच भरलेले. दुपारचे आणि भल्या पहाटेचे स्वस्त. चौघे जमत नसतील तर ‘ओपन प्ले’ शोधावा, म्हणजे डोईमागे पैसे भरून एकट्याने जायचे आणि जो भेटेल त्याच्याबरोबर खेळायचे. एकदा गेले की कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतेच. त्यानंतर ॲपची गरज फारशी उरत नाही.

कोर्टावर पोहोचल्यावर आधी चेंडूचा टप्पा बघावा. प्रमाणित चेंडू ७८ इंचांवरून कठीण ग्रॅनाइटवर सोडला तर ३० ते ३४ इंच उसळतो. तुलनेला टेनिसचा चेंडू १०० इंचांवरून निम्म्याहून वर येतो. म्हणजे मुळात हा आळशी चेंडू आहे. वजन अर्ध्या छटाकाच्याही आत, २२ ते २६ ग्रॅम. छिद्रांतून हवा जाते, वेग पटकन मरतो. अशा चेंडूला जमिनीने आणखी दगा दिला तर खेळ उरत नाही. डोक्याच्या उंचीवरून चेंडू सोडावा. सिमेंटवर ॲक्रिलिकचा लेप असलेल्या चांगल्या कोर्टावर तो गुडघ्याच्या वर यायला हवा. हिरव्या कृत्रिम गवतावर पांढरे पट्टे मारून ‘पिकलबॉल कोर्ट’ म्हणून विकणारे काही आहेत. तिथे तो नडगीपाशी बसतो. अशा ठिकाणी दोन टप्प्यांचा नियम, तिसरा फटका, डिंक यांतले काहीही शिकता येत नाही. पैसे वाचवावेत आणि परत फिरावे.

मग किचनची पट्टी सव्वापाच पॅडलने मोजावी, नेटचा मध्य बघावा. बेसलाइनच्या मागे भिंतीपर्यंत निदान आठ फूट तरी मोकळे हवेत. खांब जवळ असतील तर लॉबच्या, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेल्या चेंडूच्या, मागे उलटे पळू नये. वयस्कर खेळाडूंना दुखापत होते ती बहुधा अशाच उलट्या पावलांनी, म्हणून वळून पळायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. धावण्याचे बूट नकोत, बाजूला आधार असलेले कोर्ट शूज हवेत. लाकडी हॉलमध्ये डाग न पाडणाऱ्या तळव्याचे. उघड्यावरच्या चेंडूला बारीक ४० छिद्रे असतात, हॉलमधल्याला मोठी २६. गच्चीवरच्या कोर्टावर हॉलचा चेंडू नेला तर वारा खेळतो, आपण नाही. जून ते सप्टेंबर छप्पर नसलेल्या कोर्टाचे बुकिंग करू नये, ओले ॲक्रिलिक कोणाचीच गय करत नाही.

खेळातल्या शिष्टाचाराचा एकच मुद्दा सांगतो. साध्या खेळात पंच नसतो. आपल्या बाजूच्या रेषेचा निर्णय आपणच द्यायचा, आणि शंका असेल तर चेंडू आत धरायचा. दिसला नाही तरी ‘आऊट’ म्हणणारा माणूस दोन-तीन आठवड्यांत सगळ्या ग्रुपमध्ये प्रसिद्ध होतो.

एक प्रश्न मात्र या क्षेत्राने अजून सोडवलेला नाही, आणि त्यावर अभ्यासकांनी काम करावे अशी माझी इच्छा आहे. कडक पॅडलवर कडक प्लास्टिक आपटल्याचा तो टणक आवाज. टेनिसच्या चेंडूचा आवाज दबका असतो. हा कानात टोचतो, आणि एका कोर्टावर तासभर अखंड चालतो. अमेरिकेत यावरून शेजाऱ्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या आहेत. आपल्याकडे इमारती एकमेकींना खेटून, कोर्टे पोडियमवर नाहीतर दोन विंगांच्या मध्ये, आणि स्लॉट रात्री अकरापर्यंत. तक्रारी येणारच, आणि त्या रास्त आहेत. आवाज मऊ करणारी पॅडल आणि फोमचे चेंडू बाजारात आले आहेत, कुंपणाला लावायचे जाड पडदे आहेत. पण कुठल्या वेळी, खिडक्यांपासून किती अंतरावर कोर्ट असावे, याचे मोजमाप आपल्या वस्तीच्या घनतेसाठी कोणीतरी करायला हवे. सोसायटीच्या सभेत कोर्टाचा ठराव मांडणाऱ्याने तरी निदान आधी पहिल्या मजल्यावरच्या घरात बसून तासभर ते ऐकून यावे, आणि मग रात्री नऊनंतर खेळ बंद असे त्या ठरावातच लिहावे.